मास्तरांची पुसलेली ओळ

सेर्वाने पेजेचा पहिला घोट घेतला न घेतला तोच फोन वाजला. तिने फोनकडे एकदा पाहिलं, दुसरा घोट घेतला आणि मगच उचलला. कामाची वेळ सुरू व्हायच्या आधी वाजणारा फोन कधी खुशाली विचारायला वाजत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ताई, मी बेडियाको. शवागाराच्या खिडकीवरून."

"बोल."

"एक माणूस सापडत नाहीये."

"जिवंत की मेलेला?"

"मेलेलाच हो. माझ्याकडे जिवंत कशाला येतील मुक्कामाला?"

सेर्वाला हसूसुद्धा आलं नाही. कुमासी शहरातल्या त्या मोठ्या इस्पितळात कोण आला, कुठल्या खाटेवर पडला, कुठलं औषध घेतलं, बरा होऊन घरी गेला की गार होऊन शवागारात गेला, ही सगळी नोंद एका डेटाबेसमध्ये होती आणि तो सांभाळायला ती एकटी. जोडीला अजून एक माणूस द्या म्हणून साहेबांच्या मागे लागून लागून तिने शेवटी नाद सोडला होता. सगळं सुरळीत चाललं की तिचं नावही कुणाच्या तोंडी नसे. जरा बिघडलं की दारवानापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सेर्वाताई आठवायची.

"नाव सांग."

"अम्पाबेंग मास्तर. गणित शिकवायचे बघा, ते. जवळजवळ वर्ष झालं आपल्याकडे आहेत. त्यांची बायको दर गुरुवारी खिडकीशी येते, 'आहेत ना?' विचारते. मी 'आहेत' म्हणतो, ती जाते. आज म्हटलं जरा बघून सांगावं, तर मशीन म्हणतं असा कुणी नाहीच."

"आणि तिला काय सांगितलंस?"

"तेच. नाहीत म्हणून."

"अरे देवा! नवरा गेलेली बाई ती. तिला तोंडावर 'नाहीत' म्हणालास? डोकं काय घरी ठेवून येतोस का रे?"

"चुकलंच, ताई. ती आता तुमच्याच दाराशी बसलीये."

सेर्वाने कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडलं. बाहेरच्या बाकावर काळ्या कापडातली एक वाळकी बाई बसली होती. कापडाचा काळा रंग धुऊन धुऊन विटला होता. अंत्यविधी होत नाही तोवर ते उतरवता येत नाही, आणि अंत्यविधी काही होत नव्हता. मास्तरांच्या आईकडच्या कुळाला तो थाटात करायचा होता, पण कुठल्या गावी, यावर कुळात दोन तट पडले होते. माणूस आईच्या कुळाचा, मेल्यावर प्रेतही त्या कुळाचंच, बायकोचं नव्हे, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे कुळाचं भांडण संपेना, मास्तर बर्फात पडून होते आणि ही बाई, डुफी तिचं नाव, दर गुरुवारी खिडकीशी हजेरी लावत होती.

"कुठे नेलं त्यांना?" डुफीने विचारलं.

"कुठे नेलं नाहीये, बाई. नोंद दिसत नाहीये, एवढंच. मी बघते. तुम्ही बसा."

आत येऊन सेर्वाने कुणी कधी काय पुसलं ते तपासलं. चांगल्या डेटाबेसवाल्याची पहिली सवय हीच, आधी बघायचं आणि मग हात लावायचा. तेवढ्यात वीज गेली, जनरेटर खोकला, मशीन परत उठेपर्यंत ती गालाला हात लावून बसून राहिली. मग उत्तर दिसलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. फोन करून बेडियाकोला वर बोलावलं.

"मागच्या आठवड्यात अमांक्वा नानांना तू पुसलंस?"

"हो, ताई. मास्तरांच्या कुळाचे प्रमुख होते ना ते, मास्तरांच्या नोंदीत जबाबदार माणूस म्हणून त्यांचंच नाव होतं. मग स्वतः नानाच वारले आणि आपल्याकडे आले. त्यांना मयतांत घालायला गेलो तर मशीन घेईना. म्हणे हा माणूस जबाबदारांच्या यादीत आहे. बरोबरच आहे म्हटलं, मेलेला माणूस दुसऱ्या मेलेल्याची जबाबदारी कशी घेणार? म्हणून तिथून पुसलं आणि इथे घातलं. चुकलं काय माझं?"

काय चुकलं म्हणून सांगायचं? माणूस प्रामाणिक, विचारही सरळ. पण जबाबदार माणसाच्या ओळीला त्याच्या मयताची ओळ बांधलेली होती. डेटाबेस उभारून देणाऱ्या कंत्राटदाराने, जाता जाता, वरची ओळ पुसली की खालची आपोआप पुसली जाईल अशी सोय करून ठेवली होती. नाना पुसले गेले, त्यांच्या मागोमाग मास्तरही गेले. मशीनने विचारलंसुद्धा नाही. ही गाठ सोडवू द्या, खिडकीवरच्या माणसांना पुसायचा हक्क देऊ नका, पुसण्याऐवजी 'बंद' अशी खूण करायची सोय करा, असं सेर्वाने दोनदा लिहून दिलं होतं. चालत्या गाड्याला हात लावू नकोस, असं उत्तर आलं होतं.

पण तिला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीने. शवागारातल्या प्रत्येकाच्या पायाला क्रमांकाचा बिल्ला असतो. ज्या बिल्ल्याला नोंद नाही तो बेवारस, असं मशीन ठरवतं, आणि बेवारसांची यादी नगरपालिकेला जाते. त्यांचा ट्रक येतो, सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरून मोकळा होतो. ट्रक उद्या सकाळी यायचा होता.

"बोंबला!" बेडियाको म्हणाला आणि खुर्चीत बसला. "मास्तर त्यात आहेत?"

"असणारच."

"मग मी जातो, चेहरा बघून बाजूला काढतो."

"वर्षभर बर्फात पडलेल्या माणसाचा चेहरा ओळखशील?"

बेडियाको उठता उठता परत खुर्चीत बसला.

सेर्वा असामानी साहेबांकडे गेली. साहेब कारभारप्रमुख. कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध असायचं, आणि ते बहुतेक रोग्यालाच मारणारं असायचं.

"त्यात काय एवढं?" साहेब म्हणाले. "तुझ्याकडे बॅकअप आहे ना? मागच्या पंधरवड्याचा काढ आणि टाक वर. सगळं जिथल्या तिथे."

"आणि त्यानंतर जन्मलेली पोरं, साहेब? भरती झालेले, मेलेले, रक्त दिलेले? ते सगळे नाहीसे होतील. एका मास्तरासाठी अख्खं इस्पितळ मागे ओढता येत नाही."

"मग तूच सांग बाई काय ते."

"तुम्ही हाताने एक कागद द्या नगरपालिकेला, की हा बिल्ला सोडा."

साहेबांनी दोन्ही हात वर केले. "हाताने? छे! गेल्या खेपेला हाताने सही केली आणि चौकशीत माझा जीव अर्धा झाला. मशीन जे म्हणेल ते. मशीनमध्ये नोंद आण, ट्रक त्याला हात लावणार नाही."

झालं. साहेबांनी हात झटकले. सेर्वा जिने चढून परत आली आणि टेबलाखालचं जुनं मशीन सुरू केलं. या मशीनवरून सगळे तिची टिंगल करायचे. दर महिन्याला ती बॅकअप घेऊन या खटाऱ्यावर उघडायची, नीट वाचता येतोय ना बघायची आणि बंद करायची. बॅकअप आहे आहे म्हणणारे पैशाला पासरी असतात. उघडून बघितलेला बॅकअप फार थोड्यांकडे असतो. उमेदीच्या काळात ती हे हौसेने करायची. आता नुसती सवय उरली होती, दात घासण्यासारखी.

बॅकअप उघडला. मास्तर होते. नाव, वय, गाव, बिल्ल्याचा क्रमांक, सगळं शाबूत. क्रमांक उद्याच्या ट्रकच्या यादीत होता. तिने बेडियाकोला तो बिल्ला शोधून खूण करून ठेवायला सांगितलं आणि मास्तरांची तेवढी एक ओळ उचलून चालू डेटाबेसमध्ये घालायला घेतली.

मशीन घेईना. जबाबदार माणूस कोण?

नानांचं नाव देऊन पाहिलं. नाना मयतांत. मेलेल्याचं नाव जबाबदारीत चालणार नाही, हा नियम सेर्वानेच घातला होता, कारण लोक मेलेल्या मामाचं नाव देऊन प्रेत ठेवून जायचे आणि परत फिरकायचेच नाहीत. नियम चांगलाच होता. आज तो तिच्याच गळ्यात आला होता.

तिने मास्तरांच्या भाच्याला, विरेडूला, फोन लावला.

"नाव द्यायचं? माझं नको हो ताई," तो घाईघाईने म्हणाला. "माझं दिलं तर पलीकडचे म्हणतील याने गादी बळकावली. आणि पलीकडच्यांचं दिलंत तर आम्ही गप्प बसणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

"मग तुमच्या नव्या प्रमुखाचं द्या."

"नवा कुठला? नानांना माती दिल्याशिवाय नवा बसवता येत नाही."

"मग नानांना माती द्या."

"ती द्यायला प्रमुख नको?"

सेर्वाने डोळे मिटले. "भाऊ, उद्या सकाळी ट्रक येतोय. तुमच्या मामाला बेवारस म्हणून खड्ड्यात टाकतील. कळतंय का?"

"कसे टाकतील? एवढं मोठं कूळ आहे मागे! तुम्ही असं करा, नानांचंच नाव ठेवा. अजून तेच आमचे प्रमुख आहेत."

"ते मेलेत हो!"

"म्हणून काय झालं?" विरेडू म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्याने फोन ठेवला.

ती पडद्याकडे वळली. समोर नात्यांची यादी उघडी होती. जबाबदार माणूस मयताचा कोण लागतो ते या यादीतून निवडायचं. कुळप्रमुख, मामा, भाऊ, बहीण, भाचा, भाची, आई, मुलगा, मुलगी. पत्नी नव्हती. यादी कंत्राटदाराची नव्हती, सेर्वाची होती. इस्पितळाच्या समितीत पांढऱ्या केसांच्या चार वडीलधाऱ्यांसमोर बसून तिने ती उतरवून घेतली होती. तेव्हा तिचं स्वतःचं लग्न झालेलं होतं, आणि तरी यात बायको नाही हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

ध्यानात आलं ते तिचा नवरा डार्को गेला तेव्हा. चार वर्षं झाली. ती खाली त्या खिडकीशी उभी होती आणि बेडियाकोच्या आधीचा कारकून विचारत होता, "नातं?" ती म्हणाली बायको. तो म्हणाला, "बायको यादीत नाही, मॅडम." तिच्याच यादीत ती नव्हती. डार्कोच्या भावाचं नाव लागलं, कुळाने त्याला गावी नेलं, आणि अंत्यविधीचा दिवस तिला फोनवर कळवला. ती पाहुण्यांसारखी मागच्या खुर्चीवर बसून आली. परत आल्यावर यादी बदलावी असं तिच्या मनात आलं होतं. पण लोक म्हणाले असते, बघा, स्वतःवर आलं तेव्हा सुचलं. आणि खरं सांगायचं तर ती थकली होती. राहूनच गेलं.

तिने दार उघडून डुफीला आत बोलावलं आणि खुर्ची दिली.

"बाई, मास्तर सापडलेत. पण त्यांना ट्रकमधून वाचवायचं तर कुणाचं तरी नाव लागतं. कूळ नाव देत नाही. तुमचं घालू?"

डुफी दचकली. "माझं? माझं कसं चालेल? मी तर बायको."

"मी यादीत बायको घालते."

"तसं घालता येतं?"

"एक ओळ आहे. पण नीट ऐका, उद्या कूळ तुमच्या दाराशी येऊन शिव्याशाप देईल. म्हणतील बाई प्रेत बळकावून बसली."

डुफी काळ्या कापडाच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "त्यांना न्यायचं झालं तर त्यांना मला विचारावं लागेल?"

"तुमचा अंगठा असल्याशिवाय मास्तर दाराबाहेर पडणार नाहीत."

"मग घाला," डुफी म्हणाली. तिचा आवाज एकदम मोठा झाला. "घाला, घाला. होऊ दे काय व्हायचं ते."

सेर्वाने नात्यांच्या यादीत 'पत्नी' घातलं. कुणाची परवानगी नाही, कुठला ठराव नाही. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. मग डुफीची ओळ घातली, तिच्याखाली मास्तरांची. एकच ओळ गेली ना, भलतीकडे काही हललं नाही ना, हे दोनदा तपासलं आणि मगच पक्कं केलं. बेवारसांची यादी नव्याने काढली. मास्तर त्यात नव्हते.

शुक्रवारी ट्रक आला, भरला आणि मास्तरांना न घेता गेला. बेडियाको मुद्दाम वर येऊन सांगून गेला, आणि दारातच उभा राहून थोडा रडला.

सोमवारी विरेडू आला, सोबत कुळातल्या तीन धिप्पाड मावश्या. कॉम्प्युटरची खोली ती केवढीशी, त्यात त्या चौघांचा आवाज.

"कुणी घातलं तिचं नाव? कूळ मेलंय का आमचं?" थोरली मावशी ओरडली.

"गुरुवारी मेल्यासारखंच वागत होतं," सेर्वा म्हणाली. "मी फोन केला होता, विचारा भाच्याला."

मावश्यांनी विरेडूकडे पाहिलं. विरेडूने छताकडे पाहिलं.

"बदल ते. आत्ताच्या आत्ता."

"बदलते की. कुणाचं घालू? तुमच्यातलं एक नाव ठरवून सांगा."

तिथल्या तिथे मावश्यांची आपसात जुंपली. सेर्वा रेल्वेचं फाटक उघडायची वाट बघावी तशी बसून राहिली. शेवटी थोरली मावशी घामाघूम होऊन म्हणाली, "मग आता करायचं काय?"

"तिच्या घरी जायचं आणि विचारायचं."

"तिला? बायकोला?"

"हो. तिला."

ते गेले. दुसऱ्या दिवशी जिन दारूची बाटली घेऊन, दोन वडीलधाऱ्यांना पुढे घालून, रीतीप्रमाणे डुफीच्या दाराशी गेले. आणि डुफी त्याच दुपारी खिडकीवर येऊन अंगठा देऊन मोकळी झाली. सेर्वाला कळलं तेव्हा ती धावतच खाली आली.

"इतक्या लगेच, बाई? जरा ताणायचं होतं. गाव तुम्ही ठरवायचं, दिवस तुम्ही ठरवायचा. तुमच्या हातात होतं सगळं!"

"काय ताणायचं, ताई?" डुफीच्या चेहऱ्यावर कसलाच राग नव्हता. "त्यांच्यातला थोरला म्हातारा माझ्यासमोर बसला, टोपी काढली आणि म्हणाला, सूनबाई, आमचा माणूस तुमच्याकडे आहे, देता का? वर्षभर मला एवढंच हवं होतं. त्याने विचारलं, मी दिला. गावही त्यांनीच ठरवलं, जाऊ दे. शनिवारी माती आहे. तुम्ही या. माझ्या शेजारी बसा, पुढे."

बुधवारी असामानी साहेबांनी सेर्वाला बोलावलं. पंख्याखाली बसून ते घाम पुसत होते.

"हे बघ, मास्तरांचं भिजत घोंगडं मिटलं, छान झालं. आता ती 'पत्नी' काढून टाक. सकाळपासून तीन कुळांचे वडीलधारे येऊन गेलेत. उद्या कुळांचा निवाडा करणाऱ्या राजाच्या वाड्यावरून बोलावणं आलं तर मी काय सांगू? आणि परवानगीशिवाय केलंस, त्याबद्दल आपण नंतर बोलू."

"काढते, साहेब," सेर्वा म्हणाली. वाद घालायची ताकद तिच्यात उरली नव्हती. नोकरी होती, घरी म्हातारी आई होती. आणि डुफीचं काम तर झालंच होतं.

वर येऊन तिने 'पत्नी' पुसायचा हुकूम दिला. मशीनने नकार दिला. नात्यांच्या या यादीची बांधणी तिने स्वतः केली होती, कंत्राटदाराने नव्हे. वरचं पुसताना खाली कुणी बांधलेलं असेल तर मशीनने हलायचं नाही, असं तिने तेव्हाच करून ठेवलं होतं. खाली कोण, म्हणून तिने बघितलं. डुफी असणार, दुसरं कोण.

डुफी होतीच. तिच्याखाली याआ फ्रेमा होती. मग अग्नेस न्यार्को, आणि नावाऐवजी नुसता अंगठा दिलेली एक बाई, आणि अजून कितीतरी. सगळ्यांच्या पुढे पत्नी, पत्नी, पत्नी. बेडियाकोला कुणी काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारपासून यादीत एक नवीन शब्द दिसत होता, खिडकीशी आलेली बाई बायको म्हणाली की तो तेच निवडत होता.

फोन वाजला. "काढलंस का?" साहेबांनी विचारलं.

"निघत नाही."

"म्हणजे? एक ओळ पुसता येत नाही तुला?"

"त्या ओळीखाली बाया आहेत, साहेब. आणि बायांच्या खाली त्यांचे नवरे. आधी त्या सगळ्यांना पुसावं लागेल. तुम्ही वर या, कुठलं बटण दाबायचं ते दाखवते. तुमच्या हाताने पुसा."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि मग साहेब परत बसल्याचा.

"राहू दे," साहेब म्हणाले.

सेर्वाने फोन ठेवला आणि तिला रडू कोसळलं. डार्को गेल्यावर ती घरी रडली होती, चर्चमध्ये रडली होती, या खोलीत कधी नाही. एक ओळ घालायची होती. पेज निवायलाही वेळ लागतो, याला तेवढाही लागला नव्हता. चार वर्षांपूर्वी घातली असती तर डार्कोच्या भावाला तिच्या दाराशी येऊन, टोपी काढून, "देता का, वहिनी?" असं विचारावं लागलं असतं. आणि तिने दिला असता. लगेच दिला असता.